कुबेरावर हवा कशी आहे

माझी आई चंदीगडला आली ती अट घालूनच. रत्नागिरीहून निघताना तिने आजीला, मामाला आणि शेजारच्या तिघीचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "एक वर्ष बघते. तिथली हवा मानवली तर राहीन. नाही मानवली तर हिची परीक्षा झाली की मी आणि ही, दोघी परत." ही म्हणजे मी, अकरा वर्षांची आणि आगाऊ.

अट अशी जाहीर झाल्यामुळे माझी पंचाईत झाली. मला परत यायचं नव्हतं. चंदीगड मी अजून पाहिलंही नव्हतं, पण तिथे माझे बाबा होते. केंद्र सरकारच्या एका कचेरीत त्यांची बदली झाली तेव्हा ती दोन वर्षांपुरतीच आहे असं सगळे म्हणाले, म्हणून आम्ही बिऱ्हाड हलवलं नाही. मग ती वाढली. तीन वर्षं माझ्या लेखी बाबा म्हणजे गणपतीत रजा काढून येणारा, नैवेद्याआधी मोदक पळवणारा आणि गौरी बोळवल्या की ट्रंक आवळणारा पाहुणा. मला ते रोजचे पाहिजे होते, सकाळी दाढी करताना आणि संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवताना. आणि ते रोजचे मिळणार की नाही हे कशावर ठरणार, तर हवेवर.

आपल्या लोकांची हवा ही एक अजब चीज आहे. आपण श्वासाबरोबर घेतो ती हवा, वाऱ्याने येते ती हवा, थंडी पडली की हवा बदलली, पोर सुकलं की हवा मानवली नाही, आणि चार यत्ता शिकून शेफारलं की डोक्यात हवा गेली. चंदीगडला आल्यावर मला कळलं की हिंदीत हवा म्हणजे फक्त हवा. बाकीच्यासाठी त्यांच्याकडे मौसम आहे. हा फरक पुढे मला भलताच महागात पडायचा होता.

आम्ही जूनमध्ये पोचलो. लू, म्हणजे तिकडचा उन्हाळी कढत वारा, चालू होती. आईने क्वार्टरच्या दारात उभं राहून तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "ही हवा आहे की भडभुंज्याची भट्टी?" दोन दिवसांनी आंधी आली, पिवळी, आडवी, आणि तिने आईच्या धुतलेल्या नऊवारांवर अर्धं राजस्थान आणून टाकलं. पावसाळा बरा गेला. ऑक्टोबरात तर आई गच्चीवरून उत्तरेकडचे डोंगर बघत उभी राहायची, तेव्हा मला वाटलं, जमलं. मग थंडी आली. धुंध अशी की समोरच्या क्वार्टरातल्या बाईंचा आवाज यायचा आणि बाई दिसायच्या नाहीत. दही लागेना. टाचांना भेगा पडल्या. खोबरेलाची बाटली दगड झाली. प्रत्येक वेळी आई म्हणायची, "मेली इथली हवा," आणि मी परीक्षेपर्यंतचे महिने मोजायची.

त्याच डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. आमच्या वर्गाला ग्रहमाला मिळाली. सगळ्यांना शनी पाहिजे होता, कारण त्याला कडं असतं. भांडणं नकोत म्हणून मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मला मिळाला शेवटचा, सगळ्यांत लांबचा, ज्याच्याबद्दल पुस्तकात चारच ओळी होत्या. मी मोठ्या झोकात कार्डशीटवर लिहिलं, 'कुबेर'.

मॅडम म्हणाल्या, "यह कुबेर कहाँ से आ गया? नौवाँ ग्रह यम है।"

मी रत्नागिरीत शिकले होते, प्रजापती, वरुण, कुबेर. घोकून पाठ. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडमजी, हमारे यहाँ कुबेर है।"

"आपके यहाँ होगा," मॅडम म्हणाल्या, "यहाँ यम है।"

पुढे कितीतरी दिवस वर्गातल्या मुली मला "ओए कुबेर, टॉफी खिला यार" म्हणत होत्या. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मला राहून राहून आश्चर्य याचं वाटत होतं, की एकच ग्रह, रत्नागिरीत धनाचा देव आणि गाडीतून दोन रात्री प्रवास केला की मृत्यूचा. त्याला स्वतःला याचा पत्ता असेल का?

घरी मी 'कुबेर' खोडून त्यावर कागद डकवला आणि ठळक अक्षरांत 'यम' रंगवलं. रंग वाळायला जागा नव्हती, म्हणून तक्ता आईच्या खाटेवर पसरला. आई तेव्हा दोन रजयांखाली खोकत पडली होती. तिने डोळे उघडले, मान वळवली आणि उशाशी बघितलं.

"अगो, हे काय? यम? मी इथे खोकून खोकून अर्धी झाल्ये आणि तू माझ्या खाटेवर यम वाळत घातलास?"

"तो ग्रह आहे, आई."

"कोणी का असेना. आधी उचल तो. वाटेला लावायची घाई झाल्ये का तुला मला?"

मी म्हटलं, मॅडमना कुबेर चालत नाही आणि तुला यम चालत नाही, मग मी करू काय? आम्ही दोघी आवाज चढवून भांडत होतो. बाबा आरामखुर्चीत ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या ऐकत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "प्लूटो लिही." त्या संध्याकाळभरात ते एवढेच दोन शब्द बोलले.

इथे बाबांबद्दल सांगायला पाहिजे. गणपतीत येणारे बाबा गप्पिष्ट होते, आठ दिवसांत वर्षाचं बोलून घ्यायचे. चंदीगडचे बाबा निराळेच निघाले. चहा झाला की कप धुऊन पालथा घालायचे, बनियन स्वतः पिळायचे, जेवताना समोर ट्रान्झिस्टर. रागीट नव्हते ते, तुटकही नव्हते. एकट्याने राहायची सवय झालेला माणूस घरात माणसं आली म्हणून ती मोडत नाही, एवढंच. आई ताटात वाढता वाढता काही सांगायला लागायची आणि बातम्या संपायची वाट बघता बघता विसरून जायची.

तर तक्त्यावर प्लूटो आला. तापमान, दिवस, वर्ष, उपग्रह, सगळे रकाने भरले. शेवटचा रकाना वायुमंडलाचा. मॅडम म्हणाल्या होत्या, तिथे ना हवा ना पाणी, लिहून टाक, 'नहीं'. मी लिहायला घेतलं तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. तिने सहज विचारलं, "काय गो, त्या तुझ्या कुबेरावर हवा कशी आहे?"

"हवा नाहीच आहे."

"नाहीच कशी? चांगली नसेल. वाईट असेल. पण कशी तरी असेलच ना? हवा नाही असं कुठलं गाव असतं का?"

ती विचारत होती मौसमाचं आणि मी सांगत होते वायुमंडलाचं, हे मला कळत होतं. पण तिचा प्रश्न चुकीचा आहे असं काही केल्या वाटेना. तिथे इतकी थंडी आहे, सूर्य आहे, कितीही लहान दिसेना का, पण आहे. मग तिथे दिवसभर काहीच होत नसेल? धुंध पडत नसेल, निवळत नसेल? हा भुंगा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. रविवारी मी काकांकडे गेले.

काका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे, मूळचे नागपूरचे. चंदीगडातली मराठी घरं एकमेकांना शोधून काढतात तसे बाबांनी ते शोधून काढले होते. थंडीतल्या रविवारी ते अंगणातल्या गवतावर खुर्ची टाकून ऊन खात बसायचे आणि शेंगदाण्याच्या टरफलांचा सडा घालायचे.

"काय करून राहिली तू? ये, बस. आईचा खोकला कसा आहे?"

मी खोकल्याला बगल दिली आणि विचारलं, "काका, प्लूटोवर हवा कशी आहे?"

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी शेंग फोडायची थांबवली. "हे बघ, आत्ता आत्ता कळलं की तिथे जमिनीवर मिथेनचा बर्फ आहे. मिथेन म्हणजे आपल्या गोबर गॅसमधला. तो तिथे गोठून पडला आहे. आता गंमत ऐक. प्लूटोची कक्षा अशी वाकडी की सध्या तो वरुणाच्याही आत आला आहे. अजून काही वर्षं तो सूर्याच्या जवळ जवळच येत राहील. मग ऊन लागून त्या बर्फातला थोडा उडत असेल नं? जेवढा उडाला तेवढी त्याची हवा. पुन्हा लांब गेला की तीच हवा गोठून खाली पडणार."

"हवा खाली पडणार?"

"पडणार. हिमासारखी. आणि मग शंभर-दीडशे वर्षं तशीच पडून राहणार, पुन्हा सूर्य जवळ येईतो."

मी त्यांच्या खुर्चीच्या आणखी जवळ सरकले. "असेल म्हणता, की आहे म्हणता?"

"असेल म्हणतो. आहे का ते माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही," काका म्हणाले आणि पुन्हा शेंग फोडली.

त्या दिवशी मी जवळजवळ पळतच घरी आले. मोठ्या माणसांना माहीत नसलेली गोष्ट असू शकते, आणि ती ते सरळ सांगू शकतात, हे मला पहिल्यांदाच कळलं होतं. मी इतकी खूश होते, की जणू ती गोष्ट मलाच सापडली. आई ओसरीत उन्हाच्या पट्ट्यात बसली होती आणि खोबरेलाची बाटली फिरवून फिरवून उन्हाला धरत होती. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं. गोठलेली हवा, ऊन, पुन्हा हवा.

तिने बाटलीतलं तेल कडेकडेने सुटताना बघितलं. "म्हणजे ह्या खोबरेलासारखं की. ऊन लागलं की पातळ, ऊन गेलं की थिजलं. त्यात एवढं काय? पण बाई, हवा थिजायची म्हणजे तिथली थंडी इथल्याही वर म्हणायची."

तिला बरं वाटलं होतं. इथल्याहून वाईट हवा कुठे तरी आहे हे ऐकून तिचा चेहराच खुलला. मी रकान्यात लिहिलं, 'वायुमंडल : पता नहीं'. मॅडम म्हणाल्या, हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, विद्यापीठात हेच उत्तर आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की यापेक्षा कुबेर परवडला असं त्यांना वाटलं असावं, पण खोडायला लावलं नाही.

पुढे मी कॉलेजात असताना वाचलं की प्लूटो एका ताऱ्यासमोरून सरकला तेव्हा तो तारा झटकन विझला नाही, आधी मंद होत गेला. म्हणजे हवा आहे. अगदी विरळ, पण आहे. त्यानंतर खूप वर्षांनी एक यान जवळून गेलं आणि त्याने काढलेल्या फोटोत त्या गोळ्याभोवती निळसर धुक्याची कड दिसली. धुंधच ती. आता त्याला ग्रह म्हणत नाहीत, बटुग्रह म्हणतात. कुबेर असो की यम, दोघांचीही पदावनती झाली. पण हवा नाही असं गाव नसतं, हे आईचं म्हणणं त्याच्यापुरतं तरी खरं ठरलं.

त्या रविवारी काकांकडून मी आणखी एक गोष्ट आणली होती, एक जुना थर्मामीटर. तो मी ओसरीतल्या जाळीला टांगला. प्लूटोची हवा मोजणं माझ्या हातात नव्हतं, पण आईची हवा मोजणं होतं. मी ठरवलं, ती "मेली इथली हवा" म्हणाली की जाऊन पारा बघायचा. किती थंडी पडली की हवा वाईट होते ते एकदा कळलं, की त्या दिवसांपुरती कोळशाची शेगडी, गरम पाणी, काय पाहिजे ती व्यवस्था करता येईल, परीक्षेचा मार्च निघेल आणि आम्ही राहू. माझा हिशोब साधा होता.

हिशोब जुळेना. लोहडीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आसपास एक दिवस असा आला की धुंध दुपारीही हलली नाही. पारा तळाला जाऊन बसला होता. काही कारणाने बाबांची कचेरी बंद होती. शेगडीत शेवटचे कोळसे, घरात धूर. बाबा रताळी भाजायला बसले आणि आईने विचारलं म्हणून सांगायला लागले, की पहिल्या वर्षी शेगडी पेटवता येईना म्हणून त्यांनी आठवडाभर केळ्यांवर आणि दुधावर काढला. आई इतकी हसली, की खोकली, आणि खोकून पुन्हा हसली. मी तीनदा जाऊन पारा बघून आले. हवेबद्दल ती दिवसभरात चकार शब्द बोलली नाही.

उलट फेब्रुवारीत एक संध्याकाळ. बाहेर वाफ्यावाफ्यात फुलं, ऊन असं कोवळं की शालसुद्धा नको. बाबा कचेरीतून आले, चहा प्यायले, कप धुतला, ट्रान्झिस्टर लावला. आईने तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला सुरुवात केली होती. ती अर्ध्यावर थांबली, उठून ओसरीत आली आणि माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "नाही गो मानवत मला ही हवा." मी पारा पाहिला. रत्नागिरीतही थंडीच्या पहाटे असाच असतो.

मला आधी वाटलं, थर्मामीटर बिघडला. मग वाटलं, आई बिघडली. असं आणखी दोनचार वेळा झालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडल्यावर मी फार घाबरले. पारा काय, शेगडीने चढवता आला असता.

प्रदर्शन झालं. तक्त्यासमोर फारसं कोणी थांबलं नाही, शनीकडे गर्दी होती. परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन आले त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. बाबांनी ट्रान्झिस्टर बंद केला, म्हणजे काही तरी महत्त्वाचं होतं.

"उद्या आरक्षणाला जातो," ते म्हणाले. "तुमची दोन तिकिटं काढू ना? उन्हाळा लागायच्या आत निघालेलं बरं."

आई आमटी वाढत होती. ती म्हणाली, "काढा."

एवढंच. वर्षभर ज्याची मी धास्ती घेतली होती ते एका शब्दात आटपलं. आणि मी, जिला गप्प बसायची सवय कधीच नव्हती, ताटावरून उठून उभी राहिले आणि ओरडले, "हवेचा काही संबंध नाही! मी मोजलंय!"

आईने पळी आमटीत तशीच सोडली.

"आई हवा वाईट म्हणते तेव्हा थंडी नसते, बाबा. कितीदा पारा बघितला मी. तुम्ही बोलत नाही तेव्हा ती म्हणते. रताळ्यांच्या दिवशी नाही म्हणाली. तुम्ही कप धुता तेव्हा म्हणते."

आता थप्पड बसणार असं मला वाटलं. आई लाल झाली होती. बाबा ताटाकडे बघत होते. त्यांनी भाताचं एक शीत बोटाने इकडून तिकडे सरकवलं.

"हवा इथली वाईटच आहे," ते शेवटी म्हणाले. "पहिल्या थंडीत मला न्युमोनिया झाला होता. काकांनी इस्पितळात नेलं. तुला कळवलं नाही. मी आपला प्रत्येक पत्रात लिहीत होतो, इकडील हवा उत्तम, इकडील हवा उत्तम. म्हटलं, हवा चांगली आहे असं कळलं तर तू यायचं मनावर घेशील. आलीस ती म्हणालीस हवा वाईट. मग मला काही बोलायलाच सुचेना. खोटं तर मीच लिहिलं होतं."

आईने आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता आणि डोळे भरले होते. "अहो, तीन वर्षं मेली हवा कशी आहे ते लिहीत बसलात. कोण हवं आहे ते एकदा लिहायचं होतंत. मिळेल त्या गाडीने आले असते मी, जनरलच्या डब्यात उभी राहून."

बाबांनी वर बघितलं. माझ्यासमोर, हातातला घास तसाच धरून, ते म्हणाले, "तू हवी होतीस."

आई एकदम उठली. आमटी गार झाली असं काही तरी पुटपुटली, भांडं स्टोव्हवर ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ ती ढवळत राहिली. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा आरक्षणाला गेले. तिकिटं मेची काढली, तीन, आणि परतीचीही.